बैठक : टर्कीच्या शिकारीतल्या आसनाची गोष्ट

(दृश्य : पिकअप गाडीच्या मागच्या फळीवर ठेवलेली चौकोनी गादी. बॅटरीच्या उजेडात तिच्यावरचा पानाफांद्यांचा मळका छाप.)

ही गादी नीट बघून घ्या. हातभर रुंद, दोन बोटं जाड. आत पाणी न पिणारा फोम, वर जाड कापड, एका कोपऱ्यात शिवण उसवलेली. दोन पट्ट्यांनी ती शिकाऱ्याच्या बिनबाह्यांच्या जाकिटाला मागून जोडलेली आहे. चालताना घडी करून कमरेला अडकवायची, बसायच्या वेळी सोडायची. मग अंधारात चाचपावं लागत नाही. बूड टेकाल तिथे ती आधीच पोचलेली असते.

अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात, ओझार्कच्या डोंगरांत, आम्ही टर्की या मोठ्या रानपक्ष्याची शिकार चित्रित करायला आलो होतो. बंदुका, पक्ष्याला भुलवायची वाद्यं, पहाटेचं जंगल, एवढंच आमच्या डोक्यात होतं. कोण कशावर बसतं, हा प्रश्न आम्हाला पडलाच नव्हता. तीन दिवसांनी परत निघालो तेव्हा जवळजवळ सगळं चित्रण बसलेल्या माणसांचं होतं.

(दृश्य : काळोख. दूरवर घुबडाचा घुमणारा आवाज. त्याला डोंगराच्या धारेवरून उत्तर येतं.)

ऐकलंत? घुबड बोललं आणि त्याला टर्कीच्या नरानं उत्तर दिलं. रात्रभर तो उंच झाडावर झोपलेला असतो. एप्रिलमध्ये, विणीच्या दिवसांत, उजाडायच्या आधी त्याला कुठलाही मोठा आवाज सहन होत नाही, तो लगेच गळा फुगवून ओरडतो. त्या ओरडण्याला इथे गॉबल म्हणतात. शिकारी त्यावरून जागा हेरतो, अंधारातच शंभर-दीडशे पावलांवर जाऊन बसतो आणि मादीचा आवाज काढतो. त्यासाठी एक गोल लाकडी डबी असते, तिच्या तोंडावर दगडी पाटी बसवलेली, आणि ती घासायला लाकडी काडी. आपल्या शाळेतल्या पाटी-पेन्सिलीची आठवण यावी असं ते वाद्य आहे. दुसरं लाकडी पेटीचं. त्या पेटीचं पेटंट १८९७ साली आर्कान्सामधल्या हेन्री गिब्सन यांनी घेतलं होतं, आणि आजही ती जवळपास तशीच बनते.

पण खरी अडचण पुढे आहे. निसर्गात नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे जाते. शिकारी उलटं मागतो, नरानं मादीकडे यावं म्हणतो. म्हणून नर बिचकतो. पन्नास पावलं येतो, थांबतो, पिसारा फुलवून उभा राहतो, वाट बघतो. कधी अर्धा तास, कधी दीड तास. पुष्कळदा ओरडणंच बंद करतो आणि गुपचूप येतो. तेवढा वेळ शिकाऱ्यानं जमिनीवर, झाडाला पाठ लावून, पापणीपलीकडे काहीही न हलवता बसायचं असतं.

हरणाचा शिकारी झाडावर चढतो, मचाणासारख्या बैठकीवर बसतो आणि वाऱ्याची चिंता करतो, कारण हरणाचं नाक तीक्ष्ण. टर्कीला वासाचं फारसं कळत नाही. तिचं सगळं बळ डोळ्यांत आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे मान जरा वळवली की चहूबाजूंचं दिसतं. रंग दिसतात आणि हालचाल तर फारच चटकन दिसते. स्थिर माणूस तिला झाडाचं खोड वाटू शकतो. हललेलं खोड तिनं कधी पाहिलेलं नाही.

पहिल्या दिवशी मी गादी घेतली नव्हती. कॅमेऱ्याचं ओझं पुरे होतं. ओकच्या दोन मुळांच्या मधे बसलो, जागा बरी वाटली. दहा मिनिटांत गार ओल पँटमधून वर आली. वीस मिनिटांत उजवं मूळ मांडीच्या हाडाला लागायला लागलं. चाळिसाव्या मिनिटाला डावा पाय माझा राहिला नव्हता. मी टाच दोन बोटं पुढे सरकवली, फक्त दोन बोटं. खाली वाळकं पान होतं. उजव्या हाताला, झुडपामागे, "पट्! पट्!" असा आखूड, कोरडा आवाज आला. टर्कीचा धोक्याचा इशारा. मग धावत्या पावलांची चुरचुर. तो नर तिथपर्यंत कधी आला होता, आम्हा कुणालाच कळलं नव्हतं.

आमचे यजमान सत्तरी ओलांडलेले, दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेले. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या पहाटे गाडीत दोन खुर्च्या होत्या.

(दृश्य : बुटकी घडीची खुर्ची उघडताना. जवळून : सांध्यावर तेलाचा थेंब.)

ही त्यातली एक. खुर्ची म्हटलं तरी उंची आपल्या जेवायच्या पाटापेक्षा थोडीच जास्त. पोकळ नळ्यांची चौकट, त्यावर ताणलेलं कापड, पाठीला आधार. पुढची बाजू मागच्यापेक्षा उंच, म्हणजे बसणारा आपोआप मागे रेलतो.

उंचीचा हिशोब मला इथे पहिल्यांदा समजला. बंदुकीचं वजन तीन किलोच्या आसपास. ती हातांवर तोलून धरली तर पाच मिनिटांत दंड थरथरू लागतात. म्हणून गुडघे उभे ठेवून, डाव्या गुडघ्यावर नळी टेकवून बसतात. खुर्ची उंच झाली की मांड्या आडव्या होतात, गुडघा खाली जातो, टेकू नाहीसा होतो. शिवाय माणूस झाडाच्या सावलीतून वर डोकावतो. अगदी जमिनीवर बसावं तर कंबर गोल होते, गुडघे छातीशी येतात, श्वास आखडतो. चार-सहा इंचांत सगळा खेळ आहे. ज्यानं कुणी पहिल्यांदा ही उंची ठरवली, तो स्वतः तासन्‌तास बसला असणार याबद्दल मला शंका नाही.

कापडी तंबूत बसायचं असेल तर मात्र तिपाई किंवा उंच खुर्ची लागते, कारण नेम खिडकीतून धरायचा असतो. लहान मुलांना शिकवताना बहुतेक जण तंबूच पसंत करतात, आत थोडी चुळबुळ खपते.

गादी हलकी, खुर्ची आरामाची. ज्याला डोंगर चढत-उतरत पक्ष्याच्या मागे फिरायचं आहे त्यानं गादी घ्यावी. ज्याला आपली जागा ठाऊक आहे, किंवा ज्याचे गुडघे कुरकुरतात, त्यानं खुर्ची. माझं मत विचाराल तर आवाज न करणारी वस्तू आधी निवडा, मऊपणा नंतर. प्लॅस्टिकचा बक्कल खटकन वाजला किंवा चिकटपट्टी चर्रकन उघडली की सकाळ संपली. यजमान सांध्यांना घरीच तेल देतात, आणि बसायच्या आधी बुटानं वाळकी पानं बाजूला सारून काळी माती उघडी करतात. मग टाच सरकली तरी आवाज होत नाही. हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी दाखवलं आणि मला पहिल्या दिवसाची टाच आठवली.

(दृश्य : रुंद खोडाला टेकलेली पाठ. कॅमेरा मागून फिरतो, खोडाआड माणूस पूर्ण झाकलेला.)

आसन कुठलंही असो, झाड खांद्यांपेक्षा रुंद आणि डोक्यापेक्षा उंच हवं. हा नियम लपण्यासाठी कमी आणि जिवासाठी जास्त आहे. मादीचा आवाज ऐकून दुसरा शिकारीही दबकत येऊ शकतो, आणि तुमच्या मागून येऊ शकतो. असा कुणी दिसला तर हात हलवायचा नाही, मोठ्यानं हाक मारायची. अंगावर लाल, पांढरा, निळा कपडा नको, मोजासुद्धा नको. कारण हे तिन्ही रंग नराच्या डोक्याचे आहेत.

या रंगांची एक जुनी नोंद आपल्या मुलखाशी जोडलेली आहे. १६१२ साली मुकर्रब खान या सरदारानं गोव्याहून काही अनोखे प्राणी-पक्षी बादशहा जहांगीरकडे नेले. त्यात एक टर्की होता, अमेरिकेतून पोर्तुगिजांच्या मार्फत आलेला. जहांगीरनं त्याच्याबद्दल फार बारकाईनं लिहून ठेवलंय : माजावर आला की डोकं आणि मान पोवळ्यासारखी लाल, थोड्या वेळानं कापसासारखी पांढरी, मधेच पिरोजी. उस्ताद मन्सूरच्या कुंचल्यातलं टर्कीचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. ओझार्कमधला शिकारी ज्या रंगांना जपून असतो, तेच रंग चारशे वर्षांपूर्वी आग्र्याच्या दरबारात कुणीतरी टक लावून पाहत बसलं होतं.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला, त्यामुळे हे सगळं पाहताना कुणाचं मन अवघडलं तर मी समजू शकतो. माझंही अवघडलं होतं. पण इथला पक्षी एकदा संपत आला होता आणि माणसांनी तो परत आणला. १९३०च्या सुमारास बेसुमार शिकार आणि जंगलतोडीनं देशभरात फार थोडे उरले होते. पाळीव पिलं रानात सोडून पाहिली, ती जगली नाहीत. मग जाळी उडवून रानटी पक्षी पकडायचे आणि रिकाम्या जंगलांत नेऊन सोडायचे, हा उपाय लागू पडला. बंदुका-काडतुसांवरचा कर १९३७च्या कायद्यामुळे वन्यजीवांसाठी खर्च होतो. मिझुरीत १९६० साली वसंतातली शिकार पुन्हा सुरू झाली, परवान्यानं, मोजक्या दिवसांची. आज अमेरिकेत टर्कींची संख्या लाखांत आहे.

(दृश्य : तिसरी पहाट. डॉगवुडची पांढरी फुलं. दोन बुटक्या खुर्च्या, एकच रुंद ओक.)

तिसऱ्या दिवशी नर झाडावरून दोनदा ओरडला आणि गप्प झाला. यजमानांनी पाटीवर काडी तीनदा घासली, मग पाटी मांडीखाली ठेवून दिली. अर्धा तास गेला. गोचीड मनगटावर चढताना मला दिसत होता, मी त्याला चढू दिला. पाठीला खुर्चीचं कापड होतं, पायाखाली माती होती, आणि पहिल्यांदाच शरीराकडे लक्ष जात नव्हतं. म्हणूनच ऐकू आलं : छातीत घुमल्यासारखी खोल, बारीक गुरगुर. पिसारा फुलवताना नर ती काढतो. कानाला कळायच्या आधी ती बरगड्यांना कळते.

पाच मिनिटांनी तो फुलांच्या झाडाखालून बाहेर आला. पिसांवर तांब्याची झाक. तीस पावलांवर मान वर केली. लाल मान, पांढरा माथा, डोळ्याभोवती निळं. यजमानांच्या गुडघ्यावरची नळी आधीपासून तिथेच रोखलेली होती, हलवावी लागलीच नाही.

(एकच बार. मग बराच वेळ फक्त जंगल.)

यजमान उठायला वेळ घेतात. एक हात खोडावर, एक माझ्या खांद्यावर. पक्ष्याजवळ जाऊन त्याच्या पंखावर तळहात ठेवून ते थोडा वेळ तसेच वाकून राहतात. मग त्याला भडक नारिंगी कापडात गुंडाळतात, खांद्यावर टाकलेला पक्षी लांबून कुणाला जिवंत वाटू नये म्हणून. दोन्ही खुर्च्या माझ्याकडे येतात.

(शेवटचं दृश्य : ओकच्या बुंध्याशी, पानं सारलेल्या काळ्या मातीवर, खुर्च्यांच्या नळ्यांचे चार खोलगट ओरखडे.)