ग्लास ईलची चोरवाट

हे दोन काळे ठिपके म्हणजे डोळे. बाकीचं अंग इतकं पारदर्शक, की आतला कणाही दिसतो. युरोपियन ईल या सापासारख्या लांब माशाचं हे पिल्लू, लांबी जेमतेम सात सेंटिमीटर. व्यापारात याला ग्लास ईल म्हणतात. किलोभरात अशी सुमारे ३,००० पिल्लं भरतात.

ईलची वीण होते दूर अटलांटिकमध्ये, सार्गासो समुद्रात. तिथून प्रवाहाबरोबर वाहत आलेली पिल्लं हिवाळ्यात फ्रान्स, स्पेन, पोर्तुगालच्या नद्यांत शिरू लागतात. जाळी तिथंच लागलेली असतात.

ही पिल्लं चोरून पूर्व आशियात नेणाऱ्या तस्करांना एवढासा जीव कशाला हवा? कारण ईलची पैदास बंदिस्त पाण्यात मोठ्या व्यापारी प्रमाणावर अजून कुणाला साधलेली नाही. पूर्व आशियातल्या तळ्यांत ईल वाढवतात खरे, पण बीज, म्हणजे ही पिल्लं, मुख्यतः निसर्गातूनच उचलावं लागतं. 'शेतीतला मासा आहे, खायला हरकत काय?' हे समाधान इथं फसवं आहे.

१९८० नंतर युरोपात येणारी पिल्लं ९० टक्क्यांहून अधिक घटली. धरणं, प्रदूषण, परजीवी यांचाही त्यात वाटा आहे; सगळं खापर तस्करांवर फोडता येणार नाही. २००९पासून या माशाच्या जागतिक व्यापारावर साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आलं. २०१०च्या अखेरीस युरोपीय संघानं संघाबाहेरची निर्यातच थांबवली.

मासेमारी मात्र कोटा ठरवून चालूच राहिली. मेख इथंच आहे. परवान्यानं धरलेलं पिल्लू आणि चोरून धरलेलं पिल्लू एकाच टाकीत पोहतात. वेगळं ओळखणार कसं? नद्यांत पुन्हा सोडण्यासाठी म्हणून निघालेला मालही वाटेत दुसरीकडे वळवता येतो.

मग विमानतळावर दिसतात त्या तस्करांच्या सुटकेसा. आत पाणी आणि ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या, पिशव्यांत वळवळणारी हजारो पिल्लं. युरोपोल या युरोपीय संघाच्या पोलीस संस्थेच्या 'लेक' मोहिमेत असा माल वारंवार पकडला गेला आहे. जिवंत सापडलेली पिल्लं पुन्हा पाण्यात सोडतात. बातमीला दृश्य छान मिळतं, पण आम्हाला विमानतळापेक्षा नदीकाठचा वजनकाटा महत्त्वाचा वाटतो. किती धरलं, कुणाला विकलं, कोणत्या टाकीत गेलं, ही नोंद पक्की असेल तर चोरीचा माल मिसळायला जागा उरत नाही.

दुसरी पकड ताटाजवळची. भाजून सॉस लावलेल्या ईलची जात डोळ्यांना कळत नाही; डीएनए चाचणीला कळते. तुकडा युरोपियन ईलचा निघाला आणि पाकिटावर आशियातल्या तळ्याचा पत्ता असला, तर पुढची चौकशी बीजाची. उत्तर आफ्रिकेतून थोडी कायदेशीर निर्यात होते, त्यामुळे विक्रेता तिचं नाव सांगू शकतो. अशा वेळी त्याच्याकडून साइट्सचा परवाना मागायचा आणि त्यावरचं वजन विकलेल्या मालाशी ताडून पाहायचं.