पायाखालची केसाळ पट्टी : क्लासिक स्कीची निवड आणि निगा

ओस्लोच्या मेट्रोचा पहिल्या क्रमांकाचा मार्ग फ्रोग्नेरसेटेरेन या डोंगरावरच्या स्थानकाशी संपतो. हिवाळ्यात या गाडीच्या डब्यांत लांबच लांब स्की उभ्या धरून बसलेले प्रवासी नेहमीच दिसतात, कारण स्थानकाबाहेर पाऊल टाकताच नूरमार्काचे जंगल सुरू होते आणि तिथे बर्फावर यंत्राने पाडलेल्या दोन समांतर चाकोऱ्या झाडांमधून दूरवर गेलेल्या असतात. या चाकोऱ्या क्लासिक पद्धतीच्या क्रॉस-कंट्री स्कीइंगसाठी आहेत. एका पायाने बर्फ मागे रेटायचा आणि दुसऱ्या पायावर तोल सावरत पुढे घसरत जायचे, ही त्या पद्धतीची मूळ हालचाल होय.

या हालचालीत स्कीकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात. रेटताना तिने बर्फ धरून ठेवावा आणि घसरताना तोच बर्फ सोडून द्यावा. म्हणूनच क्लासिक स्की सपाट नसते, तर पायाखाली ती कमानीसारखी उचललेली असते. भार दोन्ही पायांवर विभागलेला असताना कमान वर राहते आणि स्की टोकाच्या व शेपटीच्या भागांवर घसरते. सगळा भार एका पायावर देऊन रेटा मारला की कमान दबते आणि तिच्या खालचा भाग बर्फाला भिडतो. पकड देणारा पदार्थ असतो तो याच भागात.

पूर्वापार हा पदार्थ म्हणजे तापमान पाहून निवडलेले मेण. कोरड्या थंडीत ते उत्तम काम करते, पण तापमान शून्य अंशाच्या आसपास आले आणि वरून ताजा बर्फ पडू लागला, की तेच मेण एक तर निसटते किंवा त्याला बर्फाचे गोळे चिकटतात. ओस्लोसारख्या समुद्रकाठच्या शहरात, जिथे खाडीपासून डोंगरमाथ्यापर्यंत जाईतो हवा काही अंशांनी बदलते, तिथे असे दिवस वारंवार येतात. मेणाऐवजी केसाळ पट्टीने पकड देणाऱ्या स्की २०१० नंतरच्या दशकात तिथे झपाट्याने पसरल्या, त्यामागे हे मोठे कारण आहे.

कल्पना मात्र मुळीच नवी नाही. चीनच्या शिनजियांगमधल्या अल्ताय पर्वतात आजही घोड्याच्या कातड्याने मढवलेल्या लाकडी स्की वापरात आहेत आणि स्कँडिनेव्हियात पूर्वी एक लांब व एक आखूड अशी जोडी असे, ज्यातल्या आखूड स्कीच्या तळाला केसाळ कातडे लावलेले असे. आजच्या स्कीत पूर्ण तळाऐवजी केवळ कमानीखाली अरुंद पट्टी बसवलेली असते. ती मोहेरची, म्हणजे अंगोरा शेळीच्या केसांची, किंवा मोहेर आणि नायलॉन यांच्या मिश्रणाची असते. केसांचा कल शेपटीकडे असल्यामुळे पुढे जाताना ते सपाट पडतात आणि मागे रेटताना उभे राहून बर्फात रुततात. मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवला की हाताला जो अडसर लागतो, तोच इथे कामाला लावलेला आहे. निव्वळ मोहेर अधिक सहज घसरते, तर नायलॉनमुळे पट्टी जास्त टिकते.

खरेदीच्या वेळी ग्राहक बहुधा पट्टीच्या प्रकाराबद्दल आणि कंपनीबद्दल विचारतो. आमच्या मते तो प्रश्न दुय्यम आहे. स्कीची लांबी साधारणपणे उंचीपेक्षा १५ ते २५ सेंटीमीटर अधिक घेतात, पण एकाच लांबीच्या दोन स्कींच्या कमानींचा ताठपणा पुष्कळ वेगळा असू शकतो, आणि तो निवडायचा असतो स्की वापरणाऱ्याच्या वजनावरून. कमान फार मऊ असेल तर पट्टी सतत बर्फाला घासत राहते, वेग जातो आणि केस लवकर झिजतात. ती फार ताठ असेल तर चढावर जीव तोडून रेटा मारला तरी पट्टी बर्फापर्यंत पोहोचत नाही, आणि नवशिक्याला वाटते की दोष आपल्या पायांतच आहे.

चांगल्या दुकानात म्हणून सपाट फळीवर किंवा मोजणीच्या यंत्रावर चाचणी घेतात. दोन्ही स्कींवर समान भार देऊन उभे राहिल्यावर पायाखाली सरकवलेला कागद पुढेमागे मोकळा फिरला पाहिजे, आणि सगळा भार एका पायावर घेतल्यावर तो घट्ट अडकला पाहिजे. पट्टीच्या केसांना स्वतःची जाडी असल्यामुळे ही चाचणी मेणाच्या स्कीइतकी नेमकी ठरत नाही. तरीही लेबलावरच्या आकड्यांवर विसंबण्यापेक्षा ती बरी. वजन हिवाळी कपड्यांसह धरावे. नॉर्वेतल्या रेना ते लिलेहामर या ५४ किलोमीटरच्या बिर्केबायनर शर्यतीत तर प्रत्येकाला किमान साडेतीन किलोंची पाठपिशवी वाहावी लागते, तेव्हा तिच्यासाठी स्की घेणाऱ्याने तो भारही हिशेबात घेतलेला बरा. काही बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला जोडणारे भाग, पुढेमागे सरकवता येतात. ते पुढे घेतले की पकड वाढते, मागे नेले की घसरण सुधारते. अर्थात चुकीच्या कमानीवर हा उपाय नव्हे.

या स्की «निगेची गरज नसलेल्या» म्हणून विकल्या जातात, ही जाहिरात जेमतेम अर्धी खरी आहे. रोज सकाळी तापमान पाहून मेण चोळण्याचे काम वाचते, एवढेच. टोकाच्या आणि शेपटीच्या भागांना घसरणीचे मेण पूर्वीसारखेच लागते. तळ स्वच्छ करायचा, पॅराफिन मेण इस्त्रीने वितळवून मुरवायचे, थंड झाल्यावर प्लास्टिकच्या पात्याने खरवडायचे आणि टोकाकडून शेपटीकडे ब्रश मारायचा, हा क्रम बदलत नाही. फक्त आधी पट्टीवर मास्किंग टेप लावून ती झाकून घ्यावी लागते, कारण केसांत शिरलेले मेण पकड मारते आणि इस्त्रीच्या उष्णतेने पट्टीखालचा गोंद सुटतो.

पट्टीचे स्वतःचे दोन शत्रू म्हणजे ओल आणि मळ. ओलसर बर्फातून गेलेली पट्टी पुढे गारठलेल्या सावलीत शिरली की केसांतले पाणी गोठते आणि पायाखाली बर्फाचे ढेकूळ तयार होते. पाणी झटकून टाकणारा द्रव निघण्यापूर्वी केसांवर लावून वाळू दिला, तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. अशा द्रवांत आणि मेणांत पूर्वी फ्लोरिनयुक्त संयुगे सर्रास असत. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४ च्या हंगामापासून आपल्या स्पर्धांत त्यांवर बंदी अमलात आणली आहे, त्यामुळे जुन्या बाटल्या वापरण्याचा मोह टाळावा.

मळाचा प्रश्न वसंतात वाढतो. तेव्हा चाकोरीत पाइनच्या सुया, झाडांचा चीक आणि इतरांच्या स्कीवरून गळालेले चिकट मेण साचते. कापडावर पट्टीसाठीचा खास द्रव घेऊन केसांच्या दिशेने, म्हणजे पुढून मागे, पुसत जावे. मेण काढण्याचे नेहमीचे तीव्र द्रावण ओतू नये, ते गोंदापर्यंत पोहोचू शकते. घरी आल्यावर स्की खोलीच्या तापमानात वाळवाव्यात, हीटरला टेकवून नव्हे.

झिजलेली पट्टी बहुतेक स्कींवर बदलता येते. सुटण्याची सुरुवात सहसा पुढच्या कडेपासून होते, म्हणून ती कडा अधूनमधून बोटाने तपासावी. जुनी पट्टी हेअर ड्रायरने किंचित तापवून सोलतात, राहिलेला गोंद साफ करतात आणि नवी पट्टी केसांचा कल शेपटीकडे ठेवून दाबून बसवतात. हंगाम संपला की तळावर मेणाचा न खरवडलेला थर ठेवून द्यावा आणि जोडी टोकाशी व शेपटीशी सैल बांधावी. मधोमध पट्टा आवळला तर उन्हाळाभर कमानीवर विनाकारण ताण राहतो.