दाराच्या पॅनेलमागचं पाणी

मंडळी, पद्मिनी फियाटच्या दाराचं आतलं पॅनेल काढायचं म्हटलं की बहुतेकांच्या मनात पहिला विचार रेक्झिनचा येतो. रंग कुठला, फुली कशी, शिलाई कुठे. माझं सांगणं असं की रेक्झिनची पाळी सगळ्यांत शेवटी येते. आधी पाण्याचं बघायचं. पद्मिनीचं पॅनेल पाण्यानं मरतं, आणि तेसुद्धा मागून.

कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार झालेली ही गाडी. आधी फियाट ११०० डिलाइट म्हणून आली, १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झाली. दाराचं आतलं पॅनेल म्हणजे साधारण तीन मिलिमीटरचा हार्डबोर्ड आणि वर ताणलेलं रेक्झिन. पावसाचं पाणी काचेवरून ओघळतं. काचेच्या बुडाशी असलेली बाहेरची रबरी पट्टी नवी असली तरी थोडं पाणी दारात जातंच. तसं जावं हे कारखान्यानं गृहीत धरलेलं असतं, म्हणून दाराच्या तळाला निचऱ्याची भोकं ठेवलेली असतात. ती मातीनं बुजली आणि पॅनेलमागचा प्लॅस्टिकचा कागद फाटला, की पाणी हार्डबोर्डात शिरतं. खालचा कोपरा खारी बिस्किटासारखा फुगून पापुद्रे सुटलेला दिसला, की समजायचं दारातही गंज धरलाय.

आता काढणी. काच पूर्ण वर घ्या. हँडल कुठल्या दिशेला आहे त्याचा फोटो काढा, म्हणजे बसवताना चारही दारांची हँडलं एका रेषेत येतील. खाली जुनं धोतर किंवा चादर अंथरा. हँडलच्या बुडाशी गोल चकती असते, तिच्यामागे स्प्रिंग. ती चकती पॅनेलकडे दाबली की हँडलच्या मानेत आरपार गेलेली पिन दिसते. एकानं दोन्ही अंगठ्यांनी चकती दाबून धरायची, दुसऱ्यानं पिनेहून बारीक पंच, म्हणजे ठोकायची लोखंडी सळी, लावून हलकेच ठोकायचं. एका बाजूनं हलली नाही तर दुसऱ्या बाजूनं. जोर लावू नका. मान ओतीव धातूची असते, तडकते. पुष्कळ गाड्यांत मूळ पिन हरवून कुणीतरी खिळा ठोकून वाकवलेला असतो. तो आधी सरळ करायचा, मग काढायचा. काही जुन्या गाड्यांत पिनेऐवजी यू आकाराचा चाप असतो. म्हणून ठोकायच्या आधी टॉर्च मारून बघा.

आर्मरेस्टचे स्क्रू खालच्या अंगानं येतात. ते निघाले की राहतात कडेच्या स्प्रिंग क्लिपा. सुरुवात खालच्या कोपऱ्यातून. चपटं, दोन बोटांएवढं रुंद हत्यार आत सरकवा, पत्र्याच्या बाजूला कापडाची घडी ठेवा आणि क्लिप जिथे आहे बरोबर तिथेच उचला. दोन क्लिपांच्या मधे उचललं की हार्डबोर्डाचं भोक फाटतं आणि क्लिप पत्र्यात अडकून राहते. निम्म्या खराब पॅनेलांची दुर्दशा पाण्यानं झालेली असते, उरलेल्यांची अशा ओढाताणीनं. काही ठिकाणी क्लिपा सैल पडल्यावर थेट रेक्झिनवरून स्क्रू मारलेले सापडतात. ते निघाले की पत्र्यातली मोठी झालेली भोकं नीट करून घ्या, नाहीतर नवी क्लिप धरणार नाही.

पॅनेल बाजूला ठेवून दार बघा. निचऱ्याची भोकं तारेनं मोकळी करा, आतली माती व्हॅक्यूमनं ओढा. सुटलेला गंज तारेच्या ब्रशनं घासा, गंजरोधक लावा, वर रेड ऑक्साइडचा प्रायमर, आणि सांध्यांत मेण. भोकं मात्र मेणानं बुजवू नका. काच चढवणाऱ्या रेग्युलेटरचं जुनं ग्रीस दगडासारखं झालेलं असतं. केरोसीननं धुऊन काढा, कोरडं करा, नवं लिथियम ग्रीस दातांवर आणि सरकपट्टीवर लावा. काचेच्या चॅनेलमधल्या नमद्याला, म्हणजे लोकरीसारख्या पट्टीला, ग्रीस लावायचं नाही. धूळ धरते आणि काच जड होते.

मग कागद. दोनशे मायक्रॉनचं पॉलिथीन घ्या, ब्युटाइलच्या चिकटपट्टीनं कडेनं बसवा. खालची कड पत्र्याच्या खाचेतून दाराच्या आत घाला, पाच सेंटिमीटर तरी. इथेच चुकतं. कड बाहेर राहिली तर कागदावरून ओघळलेलं सगळं पाणी पॅनेलच्या पायाशी येतं. हँडलच्या आसासाठी छोटी फुली कापा, मोठं भोक नको.

हार्डबोर्ड फुगलाय म्हणून लगेच फेकू नका, तोच तुमचा नमुना आहे. फुगलेल्या कडेची मापं मात्र त्याच्यावरून घेऊ नका. जाड कागद दारावर चिकटवून पेन्सिल घासा, भोकं उमटतात. नवा बोर्ड तीन मिलिमीटरचाच घ्या. चार मिलिमीटरचा प्लाय मजबूत वाटतो, पण क्लिपांची पकड पत्र्यापर्यंत पोचत नाही आणि चकती दाबूनही पिन जेमतेम बसते. भोकं पाडताना मागे लाकडाची पट्टी धरा, नाहीतर कडा उखळतात. मग दोन्ही बाजूंना वार्निशचे दोन हात, कडांना आणि भोकांच्या आत तिसरा. चोवीस तास वाळू द्या. रेक्झिन कितीही भारी असो, न वार्निशलेला बोर्ड कोकणच्या हवेत वाकतोच.

मूळ रेक्झिन फाटलेलं नसेल तर ते वाचवा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जुन्या पॅनेलांवरच्या दाबून उठवलेल्या रेषा गरम साच्यानं केलेल्या असतात. शिलाईनं तो चेहरा येत नाही, टाका कितीही सरळ असला तरी. हेअर ड्रायरनं ऊब देत कोपऱ्याकडून सावकाश सोडवा, साबणाच्या पाण्यानं धुवा. थिनर लावाल तर तकाकी जाईल आणि ते कडक होईल.

नवं लावायचं असेल तर चारी बाजूंना चार सेंटिमीटर जास्त कापा. सिंथेटिक रबरचा चिकट, ज्याला दुकानात एसआर म्हणतात, तो बोर्डाच्या मागच्या कडेला आणि रेक्झिनच्या उलट बाजूला पातळ लावा. दहा-पंधरा मिनिटांनी बोटाला चिकटेनासा झाला की जोडा. पांढरा फेविकॉल इथे नको, ओल लागली की सुटतो. आधी चारही बाजूंचे मध्य पक्के करा, मग कोपऱ्यांकडे जा. कोपऱ्यात त्रिकोणी काप द्या, पण बोर्डाच्या कडेच्या तीन मिलिमीटर अलीकडे थांबा. काप कडेपर्यंत गेला की समोरून बोर्ड दिसतो. क्लिपांची जागा मोकळी ठेवा.

पॅनेल चढवायच्या आधी काच वर करून बाहेरून पाच मिनिटं पाइपनं पाणी सोडा. तळाच्या भोकांतून धार आली आणि कागदाची आपल्याकडची बाजू हात फिरवून कोरडी लागली, की क्लिपा दाबायला हरकत नाही.