दुभाष्याची वही

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, परदेशी भाषा शिकणाऱ्याला पुण्यात पहिला प्रश्न हमखास विचारला जातो तो पातळीचा. जपानीचा विद्यार्थी एन-५ (सर्वांत सोपी) ते एन-१ (सर्वांत अवघड) यांपैकी आपली पायरी सांगतो, जर्मन-फ्रेंचचा ए-१ (सर्वांत सोपी) ते सी-२ (सर्वांत अवघड) यांपैकी. पायरीला महत्त्व आहेच. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळवायची असेल तर साधारणपणे बी-२ पातळीची जर्मन लागते आणि जपानी दुभाषी नेमताना कंपन्या बहुधा एन-२ची अपेक्षा ठेवतात. मात्र प्रमाणपत्रामुळे मुलाखतीचे बोलावणे येते. त्यापुढे काय लागते, ते मी चाकणच्या एका कारखान्यात शिकले.

कामाचा पहिलाच आठवडा होता. जपानी तज्ज्ञांनी यंत्रातून नुकताच निघालेला भाग हातात घेतला आणि 'बारी' असा शब्द उच्चारला. माझ्याजवळ एन-२ होते, शेकडो कांजी, म्हणजे जपानी लिपीतली चिनी मुळाची चिन्हे, मला लिहिता येत होती. पण हा शब्द माझ्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात आला नव्हता. शेजारच्या ऑपरेटरने त्या भागाच्या कडेवरून अलगद बोट फिरवले आणि तो म्हणाला, "मॅडम, ते बर म्हणतायत. कडेला बर आलाय." धातू कापताना कडेला जो धारदार कंगोरा उरतो, त्याला आपले कामगार बर म्हणतात. त्या दिवशी दुभाष्याचे काम खरे तर त्या ऑपरेटरने केले.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की भाषेच्या जोडीला एक विषय धरा, मग तो यंत्रनिर्मिती असो, रुग्णसेवा असो, हिशेब असो की कायदा; आणि त्या विषयाची मराठीही तितक्याच निष्ठेने शिका. व्यावसायिक अनुवादक शक्यतो आपल्या मातृभाषेत अनुवाद करतो, आणि ज्याची मराठी कच्ची, त्याचे उत्तम जपानीही वाचकापर्यंत अर्धेच पोहोचते. हल्ली अनुवादाचा पहिला खर्डा संगणक करून देतो. त्यातली चूक पकडण्याचे काम मात्र माणसाकडेच राहते आणि विषय कळल्याशिवाय ती चूक दिसतच नाही.

मराठीचा आणखी एक उपयोग आहे, जो आपण इंग्रजीच्या आधाराने शिकताना गमावतो. 'वाताशी वा पुने नि सुंदे इमासु', म्हणजे 'मी पुण्यात राहते', या वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि 'नि' हा प्रत्यय स्थळवाचक नामानंतर लागतो, 'पुण्यात' मधल्या 'त'सारखा. मराठी विद्यार्थ्याला ही रचना घरचीच आहे; ती आधी इंग्रजीत उलटवून मग पुन्हा सुलटवण्याचे कष्ट कशासाठी घ्यायचे?

शब्द आणि व्याकरण जमले तरी बोलण्यामागचा हेतू ओळखावा लागतो, आणि माझ्या मते या व्यवसायातला सर्वांत कठीण भाग हाच आहे. बैठकीत जपानी पाहुणे 'केन्तो शिमासु', म्हणजे 'विचार करू', असे म्हणतात तेव्हा तो अनेकदा सौजन्याने दिलेला नकार असतो. 'हाय' म्हणजेही प्रत्येक वेळी होकार नसतो. पुष्कळदा त्याचा अर्थ 'ऐकतो आहे' एवढाच असतो. दुभाष्याने स्वतःचे मत मिसळू नये हे खरे. पण आपल्या माणसांना हा संकेत बैठकीआधी समजावून सांगणे हे त्याच्या कामातच येते.

अध्यापन, पर्यटन, परराष्ट्र मंत्रालयातील दुभाषी, संशोधन या वाटाही खुल्या आहेत आणि प्रत्येकीची तयारी निराळी आहे. परंतु पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये परदेशी भाषा शिकत असा किंवा मॅक्सम्युलर भवनात जर्मन, आजपासून प्रत्येकाला करता येण्याजोगी एक गोष्ट आहे. एक वही घाला, तिच्यात तीन रकाने आखा: परदेशी शब्द, कामगार किंवा जाणकार वापरतात तो मराठी शब्द, आणि तो शब्द कोणाकडून कळला त्याची नोंद. माझ्या वहीत पहिल्या ओळीच्या तिसऱ्या रकान्यात त्या ऑपरेटरचे नाव आहे.