कळवळा पुरेसा आहे का?

१९९५ साली डॅनियल बॅटसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांबरोबर एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना दहा वर्षांच्या एका आजारी मुलीची हकीकत ऐकवली. मुलगी काल्पनिक, पण त्यांना ते ठाऊक नव्हतं. औषधासाठी ती प्रतीक्षायादीत आहे. तिला वर सरकवायचं का, ते तुम्ही ठरवा. तसं केलं तर जास्त गरजू मुलं मागे पडतील, हेही सांगितलं होतं. ज्यांना तटस्थपणे ऐकायला सांगितलं, त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश जणांनी तिला पुढे आणलं. 'तिला काय वाटत असेल ते मनात आणा' असं ज्यांना सांगितलं, त्यांच्यात हेच प्रमाण जवळजवळ तीन चतुर्थांश झालं.

हे विद्यार्थी वाईट नव्हते. त्यांच्या चांगुलपणानेच त्यांच्या हातून अन्याय करवला, कारण मागे ढकलल्या गेलेल्या मुलांचा आवाज त्यांनी ऐकलाच नव्हता.

आपल्याकडे मेंदूमृत दात्याची किडनी कुणाला मिळणार, हे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीवरून ठरतं. रक्तगट पाहतात, डायलिसिसवर किती काळ काढला ते पाहतात. कुणाची आई दारात रडते आहे, ते पाहत नाहीत. ऐकताना निष्ठुर वाटतं ना? पण ज्याच्या आईला गावाहून इथवर येण्याचं भाडंही परवडत नाही, त्याची आठवण ती यादीच ठेवते. आता, डायलिसिसवर काढलेली वर्षं मोजायला हवीत हे सुचायला डायलिसिसच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचे हाल कुणाला तरी जाणवावेच लागतात, हे मला पूर्ण मान्य आहे. सहवेदनेचं ते काम दुसरं कुणी करू शकत नाही. मात्र रांग कुणासाठी मोडायची, हे तिने ठरवू नये.

आणि तिची याहून मोठी अडचण महाडला दिसते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा समाजसुधारक सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता. महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरी तळ्यावर जाण्याची सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरचे सत्याग्रही तिथलं पाणी प्यायले, तर त्यांच्या लोकांना मारहाण झाली आणि तळं 'शुद्ध' करून घेतलं गेलं.

त्या गावात माया नव्हती का? होती. गुराढोरांनी तिथे तोंड लावलेलं चालत होतं. मुक्या जनावराची तहान कळत होती, माणसाची कळत नव्हती. कळवळा कुणापाशी थांबायचा, हे जातीने आधीच आखून दिलेलं होतं. म्हणून 'आधी मनं बदलू द्या' हा सल्ला मला फार क्रूर वाटतो. तहानलेल्याने समोरच्याला पाझर फुटण्याची वाट किती पिढ्या पाहायची? महाडला जमलेले लोक दया मागायला आले नव्हते. इतरांसारखीच आपणही माणसं आहोत, हे त्यांना प्रस्थापित करायचं होतं.

या तळ्यावरून झालेला खटला जवळजवळ दहा वर्षं चालला. शेवटी १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर प्रश्न होता तो असा: अस्पृश्यांना वगळण्याची अनादि वहिवाट सिद्ध होते का? ती झाली नाही. तळं सर्वांचं ठरलं.