तीन महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट अन् कापलेले बारा हजार

छिंदवाडा रोडवर राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी आहे, इन्कम टॅक्सचे नवे अधिकारी इथंच म्हणजे आपल्या नागपुरात ट्रेनिंग घेतात. अन् याच शहरात मिहानपासून धरमपेठेपर्यंत लॅपटॉपवर काम करून राहिलेल्या पोरांना विचारा, टॅक्स कोण भरते रे तुझा? कंपनी कापते नं भाऊ!

समजा, नोकरी सुटली अन् पोरानं पुण्याच्या कंपनीचं तीन महिन्यांचं कोडिंगचं काम धरलं. महिन्याचं बिल ४० हजार, खात्यात येतात ३६. चार हजार टीडीएस, प्रोफेशनल फीवर दहा टक्के. तीन महिन्यांचे झाले १२ हजार, अन् त्याला वाटते विषय संपला.

संपत नाही नं. टीडीएस म्हणजे आधीच कापून ठेवलेली रक्कम, खरा हिशोब रिटर्नमध्ये होते. याला पगारदाराला मिळते तसं टीडीएसचं सर्टिफिकेट, म्हणजे फॉर्म १६ नाही, १६ए मिळते, कारण कायद्यासाठी तो नोकरदार नाहीच, स्वतःचा व्यवसाय करणारा आहे, काम तीन महिन्यांचं का असेना. पीएफ नाही, पगारदाराचं ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शनही या पैशावर नाही.

पण इन्कम टॅक्स कायद्याचं ४४एडीए कलम आहे, अन् लोकं नेमकं तेच सोडतात. वकील, डॉक्टर, इंजिनिअर, आयटीवाले, यांनी वर्षाची कमाई ५० लाखांच्या आत असेल तर निम्मा नफा दाखवायचा, हिशोबाच्या वह्यांची भानगड नाही. म्हणजे १ लाख २० हजारांतले ६० हजारच उत्पन्नात धरायचे. २०२५-२६ साठी नव्या कर पद्धतीत १२ लाखांपर्यंत टॅक्स शून्य, सगळं मिळून त्याच्या आत बसत असाल तर ते १२ हजार अख्खे परत, फक्त रिटर्न भरा. त्याआधी २६एएस, म्हणजे तुमच्या पॅनवर किती टॅक्स जमा झाला ते दाखवणारा फॉर्म, उघडून बघा, कंपनीनं पॅन चुकीचा टाकला असेल तर पैसे तिथं दिसतच नाहीत, मग लागा त्यांच्या अकाउंटवाल्याच्या मागे.

क्लायंट अमेरिकेचा असेल तर? तिकडं कॉन्ट्रॅक्टवाल्याला सोशल सिक्युरिटी अन् मेडिकेअरचा १५.३ टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स स्वतःच भरावा लागते, मालकाचा वाटाही त्याच्याच खिशातून. नागपुरात राहून इथूनच काम करणाऱ्या आपल्या माणसाला तो लागत नाही, उगाच घाबरू नका. पण तिकडून टीडीएसही कापून येत नाही, म्हणून वर्षाचा टॅक्स १० हजार किंवा जास्त निघत असेल तर ॲडव्हान्स टॅक्स, म्हणजे वर्ष संपायच्या आधीच भरायचा टॅक्स, आपणच भरायचा. ४४एडीएवाल्यांना त्याची एकच तारीख, १५ मार्च. लोकं ३१ मार्च धरून बसतात, अन् मग व्याज लागते.