हॉलची किल्ली कोणाकडे?

अध्यक्ष महोदया, कार्यकारिणीतील सहकारी आणि बंधुभगिनींनो,

गेल्या रविवारी आमच्या घरी वाद झाला. माझ्या सतरा वर्षांच्या मुलीने आपल्या मराठी मंडळाच्या आजच्या कार्यक्रमात समूहनृत्यात भाग घ्यावा, असा माझा आग्रह होता. ती म्हणाली, "आई, याच लीड्समध्ये माझ्याहून थोड्याच मोठ्या मुलांनी १९३७ साली स्वतःचं संमेलन भरवलं होतं. आपल्या मंडळात हॉलची किल्ली आमच्या हातात कधी येणार?" त्या वेळी मी रागावले, पण आठवडाभर तो प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही.

ती बोलत होती ते संमेलन ३ जानेवारी १९३७ रोजी, रविवारी, क्वीन स्क्वेअरमधील थिऑसॉफिकल हॉलमध्ये भरले होते. विषय होता विज्ञानकथा. आपल्यापैकी कित्येकजण त्या चौकातून रोज ये-जा करतात; विटांच्या जुन्या घरांची रांग आणि मधली हिरवळ आपण पाहिलेली असते, पण तेथे काय घडले हे मला मुलीकडून कळावे, याचे वाईट वाटले. जमलेली माणसे विसाच्या आसपासच होती. लंडनहून आर्थर क्लार्क आले होते, पुढचे प्रसिद्ध विज्ञानकथालेखक; तेव्हा वय एकोणीस, सरकारी कचेरीत कारकून. पुढे विज्ञानकथा-मासिकांचे संपादक झालेले वॉल्टर गिलिंग्ज आणि टेड कार्नेल होते. लेखक एरिक फ्रँक रसेलही होते.

ज्यांच्यासाठी ही मंडळी भर हिवाळ्यात प्रवास करून आली, ती अमेरिकी मासिके वूलवर्थच्या दुकानांत तीन-तीन पेन्सना मिळत. पुढचा अंक हाती लागेलच अशी खात्री नसे. घरच्यांच्या लेखी तो कागदाचा कचरा होता. मात्र ही मुले नुसती वाचून थांबली नाहीत. नन्ईटनच्या मॉरिस हॅन्सन यांनी १९३६ मध्येच 'नोव्हे टेरे' हे हौशी नियतकालिक सुरू केले होते. लीड्सच्या त्या दिवशी 'सायन्स फिक्शन असोसिएशन' स्थापन झाली आणि 'नोव्हे टेरे' तिचे मुखपत्र बनले. स्टेन्सिलवर टंकलेखन करायचे, चूक झाली की लाल द्रव लावून खोडायची, शाईने माखलेल्या हातांनी पाने जुळवून टाचायची: सायक्लोस्टाइलवर काढलेले जुने दिवाळी अंक ज्यांच्या कपाटात आहेत, त्यांना ही मेहनत वेगळी सांगायला नको. पुढे कार्नेल यांच्याकडे गेल्यावर 'नोव्हे टेरे'चे नाव 'न्यू वर्ल्ड्स' झाले आणि १९४६ मध्ये ते व्यावसायिक मासिक म्हणून निघाले.

जगातले पहिले संमेलन कोणते, यावर वाद आहे. ऑक्टोबर १९३६ मध्ये न्यूयॉर्कचे काही चाहते फिलाडेल्फियातील चाहत्यांना भेटायला गेले होते आणि अमेरिकन लोक त्या भेटीलाच पहिले संमेलन मानतात. माझ्या मते मान लीड्सचा आहे, कारण आधी ठरवून, सर्वांना कळवून, सार्वजनिक सभागृहात हे लोक जमले. जिव्हाळ्याच्या भेटीगाठी आपल्याकडेही पुष्कळ होतात. जबाबदारी अंगावर घेऊन हॉल मिळवणे ही निराळी गोष्ट आहे.

मग महायुद्ध आले. असोसिएशन मोडली आणि माणसे पांगली. तरी १९४६ पासून लंडनच्या फेटर लेनमधील 'व्हाइट हॉर्स' या पबमध्ये दर गुरुवारी बैठक भरू लागली आणि १९४८ मध्ये व्हिटसनच्या, म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या सणाच्या, सुट्टीत संमेलने पुन्हा सुरू झाली. १९५५ मध्ये केटरिंग या इंग्लंडमधल्या गावी संमेलन ईस्टरला भरले आणि तेव्हापासून ईस्टरचा पायंडा पडला. १९५७ मध्ये जागतिक विज्ञानकथा संमेलन प्रथमच उत्तर अमेरिकेबाहेर, लंडनला आले. बेजवॉटरच्या किंग्ज कोर्ट हॉटेलात २६८ जण जमले.

माझे मन अडते ते त्यानंतरच्या वर्षापाशी. १९५८ च्या ईस्टरला केटरिंगमध्ये जमलेल्या जुन्या मंडळींना जाणवले की तेच तेच चेहरे दिसत आहेत, नवे कोणी येत नाही. त्या काळजीतून 'ब्रिटिश सायन्स फिक्शन असोसिएशन' जन्माला आली आणि तिचे 'व्हेक्टर' हे नियतकालिक त्याच वर्षी निघाले. एकोणिसाव्या वर्षी लीड्सला आलेल्या क्लार्क यांनी चाळिशी गाठली होती. म्हणजे तरुणांनी सुरू केलेल्या चळवळीलाही अवघ्या एकवीस वर्षांत तरुण शोधावे लागले.

आपण काय करतो? मुलांना समईपाशी नाचायला उभे करतो, टाळ्या वाजवतो आणि मग त्यांना खुर्च्या उचलायला लावतो. कार्यक्रमाचा विषय, पाहुणे, जेवणाचा बेत सारे काही आपण ठरवतो, आणि मुलांना मराठीची ओढ नाही अशी तक्रारही आपणच करतो. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी टोपणनावाने कथा पाठवली, कारण परीक्षकांनी लेखकाचे नाव न पाहता कथा पाहावी, अशी त्यांची इच्छा होती. आपल्या मुलांचे काम आपण असे, कोणाचे मूल हे विसरून, कधी पाहिले आहे का?

काल रात्री मी मुलीला विचारले, "समज, किल्ली दिली, तर काय कराल?" ती म्हणाली, "तुम्हाला न समजणारं काहीतरी करू. आणि सूत्रसंचालन अर्धं इंग्रजीत असेल." मी गप्प राहिले. इंग्रजीच्या त्या अर्ध्या भागात मराठीचे काय होईल, ही भीती मला खरोखर वाटते आणि ती मी येथे लपवणार नाही. सप्टेंबरमध्ये ती विद्यापीठात जाईल. किल्ली या क्षणी माझ्या पर्समध्ये आहे.